फिरून आल्यावर नऊ वाजता येणारी झोप

आर्वी तालुक्यातील एका सेवानिवृत्त गुरुजींनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. गुरुजींचे वय ६८, वजन ६२ किलो. मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या काही वर्षांपासून चालू आहेत. तीन महिन्यांपूर्वी साखर वाढलेली आढळली, तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली आणि रोज व्यायाम करायला सांगितला. तेव्हापासून ते पहाटे साडेचारला उठतात, पाच वाजता पांदण रस्त्याने निघून पाच किलोमीटर चालतात, परतताना ग्रामपंचायतीच्या खुल्या व्यायामशाळेत अर्धा तास घालवतात, सातला घरी येऊन चहासोबत सकाळच्या गोळ्या घेतात आणि साडेदहाला जेवतात. मधल्या वेळात, नऊच्या सुमारास, त्यांना झोप इतकी अनावर होते की वर्तमानपत्र हातातून गळून पडते. दीड तास झोपूनही अंग जडच राहते. हे वयामुळे आहे का, व्यायाम बंद करावा का, आणि शेजारी म्हणतात तसे एखादे सलाईन लावून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. दिवसा झोपणे हे आजाराचे लक्षण आहे, या विचाराने त्यांच्या पत्नी धास्तावल्या आहेत, असेही त्यांनी लिहिले आहे.

गुरुजी, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय व्यवसाय करीत आहे आणि आता मीही साठी ओलांडली आहे. त्यामुळे व्यायामानंतरची ही झोप मला रुग्णांकडून जशी ठाऊक आहे तशी स्वतःच्या आरामखुर्चीतूनही ठाऊक आहे. मी आपल्याला तपासलेले नाही, आपल्या गोळ्यांची नावे आपण लिहिलेली नाहीत आणि रात्री आपण किती वाजता झोपता हेही कळलेले नाही. म्हणून पुढे जे लिहितो त्यातील बरेचसे या तीन गोष्टींवर अवलंबून राहील. तरीही आपल्या मजकुरातील दोन वेळांपाशी माझे लक्ष अडकले. सातला गोळी आणि साडेदहाला जेवण. बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी याच साडेतीन तासांबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते.

मधुमेहाच्या सर्व गोळ्या एकसारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटे घेतले तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न आहे की नाही हे त्या पाहत नाहीत. म्हणूनच त्या दिवसाच्या पहिल्या खाण्यासोबत घ्यायच्या असतात, आणि आपल्याकडच्या एका कप चहाला खाणे म्हणता येत नाही. त्यातच चालण्याने स्नायूंनी स्वतःजवळची साखर खर्च केलेली असते, आणि ती भरून काढण्यासाठी ते व्यायाम संपल्यावरही कित्येक तास रक्तातून साखर ओढत राहतात. रात्रभराचा उपास, पाच किलोमीटर चालणे, त्यावर गोळी आणि त्यानंतर साडेतीन तास रिकामे पोट, हे सगळे एकत्र आले तर नऊ वाजता साखर खाली आलेली असणे अगदी शक्य आहे. तरुण माणसाला अशा वेळी दरदरून घाम येतो, छाती धडधडते, हात कापतात आणि तो उठून काहीतरी खातो. वय वाढल्यावर या खुणा मंदावतात, आणि रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जवळजवळ झाकलीच जाते. मग पुष्कळदा डोळ्यांत भरते ती गुंगी, चिडचिड किंवा थोडे असंबद्ध बोलणे. घरचे लोक म्हणतात, थकले आहेत, झोपू द्या.

ही केवळ शंका आहे, पण ती फेडायला एका मिनिटाचे काम पुरते. सलग तीन दिवस, झोप येऊ लागताच आडवे होण्यापूर्वी, ग्लुकोमीटरवर साखर पाहा. घरी यंत्र नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या, मग पोटभर खा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, मात्र ती रिकाम्या पोटी घेणे आजपासून थांबवा आणि नाश्त्याच्या ताटावर बसल्यावरच घ्या. आकडा व्यवस्थित निघाला तर ही शंका मिटली असे समजून पुढचे वाचावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे रुग्ण ‘अंग गळून जाते’ असे म्हणतो आणि त्या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात, वस्तू उचलवत नाही, पण डोळे टक्क उघडे असतात, हा झाला स्नायूंचा थकवा. हातापायांत बळ आहे, पण पापण्या मिटत जातात, ही झोप. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, टेकावेसे वाटते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते, ही ग्लानी असते आणि तिचा संबंध बहुधा रक्तदाबाशी असतो. मी रुग्णाला नेहमी विचारतो की आडवे झाल्यावर नुसते पडून राहिलात तरी बरे वाटते का, की डोळा लागल्याशिवाय सुटका होत नाही. या एका प्रश्नाने पुष्कळदा दिशा कळते. आपल्या बाबतीत वर्तमानपत्र गळून पडते, म्हणजे ही प्रामुख्याने झोप आहे. पण झोपून उठल्यावरही अंग जड राहते, म्हणजे तीत आणखी काहीतरी मिसळलेले असावे.

वयाचा वाटा किती, असे आपण विचारले आहे. वाटा आहे, पण लोक समजतात तसा नाही. आपल्या वावरातली जुनी विहीर आठवा. उन्हाळ्यात उपसा केल्यावर ती एका रात्रीत भरत असे, आता तिला दोन रात्री लागतात. पाणी संपलेले नाही, झरा मंद झाला आहे. शरीराचेही थोडेफार असेच होते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके दरवर्षी साधारण एकाने कमी होत जातात, त्यामुळे तिशीत जे चालणे कुवतीच्या एक तृतीयांश होते तेच सत्तरीच्या उंबरठ्यावर अर्ध्याहून अधिक होऊन बसते. रस्ता तोच, वेग तोच, पण शरीराच्या दृष्टीने श्रम दीडपटीहून अधिक. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर हळूहळू घटते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. शिवाय व्यायामाने स्नायूंत जी सूक्ष्म झीज होते ती भरून काढण्याची हाक वृद्ध स्नायूंना उशिरा ऐकू येते, म्हणजे तेवढ्याच दुरुस्तीसाठी त्यांना अधिक प्रथिने आणि अधिक विश्रांती द्यावी लागते. म्हणून साठीनंतर नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला पहिले काही आठवडे दुपारी डुलकी घ्यावीशी वाटली तर त्यात काही वावगे नाही. मात्र ही गरज आठवड्यागणिक कमी व्हायला हवी. तीन महिने झाले तरी ती तशीच आहे, उलट उठल्यावर ताजेतवानेही वाटत नाही, असे असेल तर केवळ वयाकडे बोट दाखवून मी गप्प बसणार नाही. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा व्यायाम जास्त झालेला नसतो, व्यायामाच्या अवतीभवती जे असायला हवे ते कमी पडलेले असते.

रक्तदाबाचे एक उदाहरण सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक वैशाखात माझ्याकडे आले. पहाटे फिरून आले की ते ओसरीवर आडवे होत आणि जेवायची वेळ होईपर्यंत उठत नसत. खुर्चीवर बसवून मोजला तेव्हा रक्तदाब १३२ होता, म्हणजे कागदावर सर्व ठीक. मी त्यांना दवाखान्यातून बसस्थानकापर्यंत चालून परत यायला सांगितले. वीस मिनिटांनी ते आले, पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला तर १०८, आणि उभे करून मोजला तर ९४. उभे असतानाच त्यांनी टेबलाची कड धरली. व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि त्यामुळे रक्तदाब काही तास थोडा उतरलेला राहतो, हे खरे तर व्यायामाचे देणे आहे. पण त्यांच्या गोळीत लघवी वाढवून मीठपाणी बाहेर टाकणारे औषध होते, ती ते पहाटे पाचलाच घेत, वर घाम गाळत, आणि वारंवार लघवीला जावे लागू नये म्हणून रात्री नऊनंतर पाण्याचा थेंब घेत नसत. उन्हाळ्यापुरते ते औषध बदलले, निघण्यापूर्वी आणि आल्यावर एकेक गडू पाणी सुरू केले आणि पंधरा दिवसांत ओसरीवरची झोप अर्ध्या तासावर आली. उतारवयात तहान उशिरा लागते, म्हणून तहान लागेल तेव्हा पिऊ हा हिशेब विदर्भाच्या उन्हाळ्यात चालत नाही. आपणही आपल्या डॉक्टरांकडून बसून आणि मग उभे राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर गोळीची मात्रा व वेळ यांचा फेरविचार करावा लागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी कोणी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर मात्र माझा गडूचा सल्ला आपल्याला लागू नाही.

खाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या भागातील वडीलधाऱ्यांच्या थकव्याचे मूळ मला सर्वांत जास्त वेळा ताटात सापडले आहे. मूत्रपिंडे ठीक असतील तर उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आज मानले जाते. आपल्या ६२ किलोंना म्हणजे साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. आता आपल्या जेवणाचा हिशेब करू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या कोरड्या डाळीत शंभराला २२ च्या आसपास असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ जाते ती पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे हाती येतात सहा. दोन्ही वेळच्या भाकरी, वरण, भाजी आणि थोडे दूध मिळून बेरीज चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे सहसा जात नाही. दात गेलेले असतील तर भाकरी वरणात चुरून आणि भाजी नुसती तोंडाला लावून जेवण उरकले जाते, तेव्हा ती आणखी घटते. यावर बाजारातला महागडा डबा हा उपाय नाही. फिरून आल्यावर तासाभरात दोन अंडी, किंवा घट्ट पिठले आणि अर्धी भाकरी, किंवा मोड आलेली मटकी आणि वाटीभर दही, असे काही पोटात गेले पाहिजे. मूठभर फुटाणे खिशात ठेवून ते येता येता खाल्ले तरी सात-आठ ग्रॅम जमा होतात. मला नेहमी नवल वाटते की शंभर ग्रॅममागे ३५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने असलेले सोयाबीन आमचा शेतकरी पोत्यांनी पिकवतो, भावासाठी वर्षभर डोकेफोड करतो आणि घरच्या डब्यात मात्र मूठभरही ठेवत नाही. दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन नीट भाजून दळले तर पोळीची चव फारशी बदलत नाही. कच्चे मात्र दळू नये, त्याने पचन बिघडते.

शाकाहारी असाल आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर ब १२ जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण दोन्ही कारणांनी ते घटते आणि थकव्यासोबत तळपायांना मुंग्या येणे, तोल जाणे असे त्रास सुरू होतात.

आता रात्रीच्या झोपेकडे येतो. आपण साडेचारला उठता. मालिका आणि बातम्या संपवून साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकत असाल आणि मधे दोन-तीनदा लघवीला उठत असाल, तर हाती पाच तासांची तुटक झोप लागते. ज्येष्ठांनाही सात ते आठ तास झोप लागते, म्हातारपणी झोप कमी पुरते हा समज चुकीचा आहे. झोपेची गरज फारशी घटत नाही, ती सलग लागण्याची क्षमता घटते. तेव्हा सकाळी नऊची झोप ही पुष्कळदा रात्रीची उरलेली झोप असते आणि व्यायाम बिचारा विनाकारण बदनाम होतो. ओलिताच्या दिवसांत शेतीची वीज रात्री येत असेल आणि मोटार सुरू करायला मुलाऐवजी आपण जात असाल तर तेही या हिशेबात धरा. माझे असे कित्येक रुग्ण आहेत ज्यांचा ‘अशक्तपणा’ हरभऱ्याचे शेवटचे पाणी आटोपल्यावर आपोआप गेला. आपण मोठ्याने घोरता का आणि घोरताना मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे आपल्या पत्नींना विचारा. तसे असेल तर कितीही तास झोपले तरी झोप पुरत नाही आणि त्याची वेगळी तपासणी करावी लागते.

दिवसा झोपावे की नाही, याचे उत्तर आपल्या पत्नींसाठी लिहितो. वहिनी, दिवसा झोपल्याने कफ वाढतो असे आयुर्वेद सांगतो हे खरे आहे, पण त्याच आयुर्वेदाने वृद्ध, दुर्बल, वाट चालून किंवा श्रम करून थकलेले अशा लोकांना सूट दिली आहे आणि उन्हाळ्यात तर ती बहुतेकांनाच दिली आहे. वामकुक्षी हा शब्द आपल्याकडे उगीच रुळलेला नाही. प्रश्न असतो तो लांबीचा. वीस ते तीस मिनिटांच्या डुलकीत माणूस उथळ झोपेतच असतो आणि उठताच कामाला लागतो. त्यापुढे गाढ झोप लागते आणि तिच्यातून मधेच उठले की डोके जड, जीभ जड, असा अर्धा-पाऊण तास जातो. गुरुजींना दीड तास झोपूनही जे जडपण जाणवते त्यातला काही भाग हाच असू शकतो. मी स्वतः दुपारी एक ते दोनच्या दरम्यान खुर्चीत बसून, गजर लावून पंचवीस मिनिटे डोळे मिटतो. पलंगावर गेलो की पंचवीसची नव्वद मिनिटे होतात, हे अनुभवाने शिकलो आहे. तीन वाजल्यानंतर मात्र झोपू नये, त्याने रात्रीची झोप पुढे सरकते.

इथे माझी एक चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सत्तरीच्या एक आजी माझ्याकडे आल्या. निंदणाला गेल्या की दुपारपर्यंत धुऱ्यावरच्या बाभळीखाली निजून राहतात, अशी सुनेची तक्रार होती. मी नाडी पाहिली, वय पाहिले, ‘आता वावरात जाणे कमी करा’ असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या तेव्हा डोळ्यांची आतली कड पांढरीफटक होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.८. गुडघे दुखतात म्हणून त्या किराणा दुकानातून मिळणारी वेदनाशामक गोळी दोन वर्षे रोज घेत होत्या, तिने पोटात जखम होऊन थेंबथेंब रक्त जात होते आणि शौच डांबरासारखे काळे होत होते. हे सगळे त्या सांगायला तयार होत्या, पण मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची खालची पापणी मी ओढून पाहतो आणि कंबरेच्या, गुडघ्याच्या गोळीबद्दल विचारतो. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर त्याला पंडुरोग म्हणतात, आणि उतारवयात तो आढळला तर लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नये, रक्त कुठे जाते आहे हे शोधावे.

म्हणून आपण पुढील तपासण्या करून घ्याव्यात असे मला वाटते. हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, रक्तातील सोडियम व पोटॅशियम, थायरॉइड, ब १२ आणि हृदयाचा आलेख. पन्नास-साठ चाचण्यांचे जे पॅकेज हल्ली गावोगावी शिबिरात विकले जाते त्याची आवश्यकता नाही.

सलाईनबद्दल स्पष्टच लिहितो, जरी माझ्याच व्यवसायातील काहींना ते रुचणार नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असते. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर तीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी असतात, आणि आपली एक मध्यम भाकरी त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते. त्यात पिवळे इंजेक्शन टाकले की बाटली रंगीत दिसते आणि ताकद शिरत असल्यासारखे वाटते. त्या दोन तासांत माणूस पंख्याखाली निवांत पडून राहतो, घरचे जवळ बसतात, म्हणून बरे वाटते हेही खरे. परंतु मधुमेही, रक्तदाब असलेल्या आणि कदाचित हृदय थकलेल्या माणसाच्या शिरेत विनाकारण मीठपाणी सोडणे धोक्याचे आहे. उलट्या-जुलाब होऊन पाणी टिकत नसेल, उष्माघात झाला असेल तर सलाईन जीव वाचवते. त्याशिवाय ते पैशाचा अपव्यय आहे.

व्यायाम बंद करू नका. तो थोडा वेगळा बांधून घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहाटे उपाशीपोटी एका दमात पाच किलोमीटर आणि वर व्यायामशाळा हे जरा जास्तच झाले. पुढचे दोन आठवडे अडीच किलोमीटरच चाला, तेही निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा दोन घास भाकरी-दूध खाऊन. उरलेले चालणे संध्याकाळी जेवणाच्या आधी किंवा नंतर थोडे करा. वेग ठरवण्यासाठी नाडी मोजत बसू नका, विशेषतः वर सांगितलेल्या एटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही आणि फसगत होते. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. झोप आटोक्यात आली की दर आठवड्याला दोन-तीनशे मीटर वाढवत पूर्वीच्या अंतरावर या. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे, पण ती आठवड्याची बेरीज आहे, पहिल्याच महिन्यात गाठण्याचे लक्ष्य नव्हे. खुल्या व्यायामशाळेतील झुलणाऱ्या यंत्रांवर सांधे मोकळे होतात, बळ फारसे वाढत नाही. त्यापेक्षा हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून दहा जोर, एक दिवसाआड, इतके केले तरी मांड्या आणि खांदे भरून येतात. वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वीच घरी परतलेले असावे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती असतील तर वरील कशाचीही वाट न पाहता डॉक्टर गाठावा. चालताना छातीवर दाब येणे, तो जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणे, आडवे झाल्यावर दम लागणे, पावलांवर सूज, नाडी अनियमित लागणे, भोवळ येऊन पडणे. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो आणि त्याचे एकमेव लक्षण काही वेळा नव्याने आलेला थकवा असतो, म्हणून गेल्या महिन्यात नाल्याच्या पुलापर्यंत विनाथांबा जाणारा माणूस या महिन्यात मारुतीच्या पारावरच टेकू लागला, तर त्याला मी त्याच दिवशी हृदयाच्या तपासणीला पाठवतो. कारण नसताना वजन घटणे, संध्याकाळी बारीक ताप आणि खोकला, काळे शौच, हे असेल तरीही थांबू नये. आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. चिकुनगुनिया, डेंग्यू किंवा कोविड होऊन गेल्यावर काहींना व्यायामाच्या दिवशी काहीच होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पार कोलमडतात. अशा माणसाला हळूहळू अंतर वाढवण्याचा माझा वरचा सल्ला लागू पडत नाही, त्याने कुवतीच्या आतच राहावे.

आपण हयातभर हजेरीपट भरला आहे, म्हणून शेवटची विनंती करायला मला संकोच वाटत नाही. पंधरा दिवस एका वहीत रकाने आखून रात्री किती वाजता झोपलो, कितीदा उठलो, काय खाऊन निघालो, किती चाललो, गोळी कधी घेतली, नऊ वाजताची साखर किती, झोप किती मिनिटे आणि उठल्यावर कसे वाटले, एवढे लिहा आणि ती वही आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. दहा मिनिटांच्या भेटीत जे सांगायचे राहून जाते ते त्या वहीत त्यांना एका नजरेत दिसेल. आणि वहिनी, हे पंधरा दिवस गुरुजी सकाळी झोपले की अर्ध्या तासाने त्यांना हाक मारून उठवा. नाव घेताच उठून नीट बोलले तर चहा टाका. उठवूनही भान येत नसेल, अंग घामाने थंड लागत असेल, बोलणे बरळल्यासारखे असेल, तर गिळता येत आहे याची खात्री असेल तरच साखरेचे पाणी पाजा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, त्यांना कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.